गोरोबाकाकांचे थापटणे : एक प्रस्तावना

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट मराठी घरात कुणाला सांगावी लागत नाही. बायको संती पाण्याला निघाली, रांगते मूल अंगणात होते, त्याच्याकडे बघा असे सांगून ती गेली. गोरोबा चिखल तुडवत होते. ओठांवर विठ्ठलाचे नाव, डोळे मिटलेले, पाय आपल्या लयीत चाललेले. मूल रांगत चिखलात आले आणि पायांखाली गेले. संती घागर घेऊन परतली तेव्हा गोरोबा अजून तुडवतच होते.

कीर्तनकार इथे थांबून सांगतात, देहभान हरपणे म्हणजे काय ते पाहा. ते खरेच आहे. पण परंपरेने ही गोष्ट सांगताना संतीचा आक्रोश गाळला नाही, तिचा संताप सौम्य केला नाही, हे मला त्याहून मोठे वाटते. तिने नवऱ्याला बोल लावले आणि विठ्ठलालाही लावले. गोरोबा तिच्या अंगावर धावून गेले, तिने विठ्ठलाची आण घालून त्यांना दूर ठेवले, संसार तिथेच फुटला. संतीच्या धाकट्या बहिणीशी, रामीशी, दुसरे लग्न लावूनही तो जुळला नाही आणि शेवटी गोरोबांनी स्वतःचे हात तोडून घेतले. पुढे पंढरपुरात, नामदेवांच्या कीर्तनात हात परत आले, मूलही रांगत आले. कथेत विठ्ठल भरपाई करतो. आपल्या घरांना तशी हमी कुणी दिलेली नाही. हे पुस्तक त्या घरांसाठी लिहिले आहे.

गोरोबांची दुसरी गोष्ट अधिक हलक्या सुरात सांगितली जाते. संत जमले होते. मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारले, काका, हे कशाला? गोरोबा म्हणाले, मडकी पक्की आहेत की कच्ची ते पाहायला. मग आमचीही पाहा, असे म्हटल्यावर त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र कळवळले, रागावले. मडके कच्चे ठरले. विठ्ठलाशी रोज बोलणारा, त्याला हाताने नैवेद्य भरवणारा नामदेव कच्चा! तो रुसून पंढरपूरला गेला आणि देवानेच त्याला औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे पाठवले.

या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि त्या एकत्र ठेवून वाचाव्यात असे मला फार दिवसांपासून वाटते. ज्याच्या तल्लीनतेची किंमत एका लेकराने मोजली, त्याच्याच हातात परंपरेने परीक्षेचे थापटणे दिले. दर्शन होणे आणि ते पेलण्याइतके पक्के असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या संतमंडळाला तेराव्या शतकात माहीत होते. परंपरा गोरोबांचा काळ १२६७ ते १३१७ असा मानते. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे, चैत्रात यात्रा भरते, धाराशिव जिल्ह्यातल्या गावागावांतून दिंड्या येतात. पण त्या यात्रेत थापटण्याची गोष्ट ऐकून घरी गेलेला एखादा तरुण जेव्हा मोबाइलवर पाहून पहाटे तीनपासून प्राणायाम करू लागतो, तेव्हा त्याच्या मडक्यावर टिचकी मारून पाहणारा कुणी नसतो.

काय होते अशा वेळी? बहुतेकांना काहीच वाईट होत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. नामस्मरण, ध्यान, वारी, भजन यांनी लाखो माणसे सावरली आहेत. काहींना मात्र कधी साधनेत, कधी अचानक, असे काही अनुभवाला येते की त्यासाठी शब्द पुरत नाहीत. पाठीच्या कण्यातून ऊब वर चढते, प्रकाश दिसतो, कानात नाद घुमतो, अंग आपोआप हलते, रडू थांबत नाही, मी म्हणून कुणी उरलेच नाही असे वाटते. पुष्कळदा हे ओसरते आणि माणूस आधीपेक्षा निवांत, मवाळ होऊन कामाला लागतो. पण काहींच्या बाबतीत ते ओसरत नाही. झोप उडते. आधी आनंद असतो, मग भीती येते. सगळे जग खोटे, कागदाचे वाटू लागते. आपल्याला एका कार्यासाठी निवडले आहे अशी खात्री बसते, किंवा कुणीतरी मनात शिरून आज्ञा देत आहे असे वाटू लागते.

मग घरात तीन तट पडतात. एक म्हणतो, साक्षात्कार झाला आहे, त्याला हात लावू नका. दुसरा म्हणतो, डोके फिरले आहे, कोंडून ठेवा. तिसरा कुणीतरी बाहेरचे काहीतरी लागले म्हणून देवऋषीची गाडी ठरवतो. या तिघांपैकी कुणीही त्या माणसाजवळ बसून विचारत नाही की तू शेवटचा कधी झोपलास, कधी जेवलास, तुला भीती वाटते का.

आपल्याच जिल्ह्यात या विषयाचे केवढे शहाणपण पडून आहे, ते तुळजापुरात दिसते. आराधी बायका कवड्यांच्या माळा घालून जमतात, संबळ वाजतो, देवीची गाणी चढत जातात आणि एखादीच्या अंगात वारं येते. शहरातल्या माणसाला ते पाहून धास्ती वाटते. जरा थांबून पाहिले तर वेगळे दिसते. त्या वाऱ्याला सुरुवात असते. भोवतीच्या बायकांना काय करायचे ते माहीत असते. कुणी पदर सावरते, कुणी तोल सांभाळते, कुणी हळद-कुंकू लावते, कुणी प्रश्न विचारते. आणि त्या वाऱ्याला शेवट असतो. ते उतरते, तिला पाणी देतात, ती थोडी पडून राहते, आणि संध्याकाळी भाकरी थापते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२ च्या आजारांच्या वर्गीकरणानेही हेच म्हटले होते, की धर्माच्या आणि रूढीच्या चौकटीत येणारी अशी अवस्था आजारात धरू नये. ती नको असताना, त्या चौकटीबाहेर, अनावर येऊ लागली तरच आजार म्हणावे. ज्या बाईला दर दोन दिवसांनी स्वयंपाक करता करता वारं येते, जिची लेकरे घाबरून शेजारी पळतात, तिची गोष्ट निराळी. तिला मखरात बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

तुळजाभवानीच्या वार्षिक क्रमातली आणखी एक गोष्ट मला या पुस्तकासाठी फार मोलाची वाटते. नवरात्राआधी देवी झोपते. भाद्रपद वद्य अष्टमीला मूळ मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, ती घटस्थापनेला पुन्हा सिंहासनावर येते. ही घोर निद्रा. मग नऊ दिवसांचे युद्ध, दसऱ्याचे सीमोल्लंघन, आणि पुन्हा झोप, थेट कोजागिरीपर्यंत. ही श्रम निद्रा. महिषासुराला मारणाऱ्या शक्तीलाही आधी विसावा लागतो आणि नंतर थकवा उतरवावा लागतो, असे आपल्या पूर्वजांनी मंदिराच्या कुलाचारातच बसवून टाकले. तिचा भक्त मात्र नऊ दिवस जागरणे करून, उपाशी राहून, दहाव्या दिवशी एखाद्या शिबिराला जातो.

झोपेबद्दल इतके का लिहायचे? कारण मनोविकारशास्त्राला या बाबतीत जे सर्वांत पक्के माहीत आहे, ते झोपेबद्दलच आहे. उन्मादाच्या आजारात, म्हणजे ज्याला डॉक्टर बायपोलर म्हणतात त्यात, झोप कमी होणे हे लक्षण असते आणि तेच कारणही असते. माणूस दोन तास झोपतो आणि तरी ताजातवाना असतो. बोलणे थांबत नाही, कल्पनांना पूर येतो, पैसे वाटले जातात, जमीन दान करण्याच्या गोष्टी सुरू होतात. पहिल्या आठवड्यात हे सगळे साक्षात्कारासारखेच दिसते, आतूनही आणि बाहेरूनही. हा आजार काय किंवा स्किझोफ्रेनिया काय, पहिल्यांदा डोके वर काढतो तो बहुधा पंधरा ते तीस या वयात, आणि अध्यात्माची तीव्र ओढही अनेकांना त्याच वयात लागते. उपास, जागरण, मौन, एकांत आणि जोरजोराचा श्वासोच्छ्वास या पाच गोष्टी एकत्र आल्या की दबलेला आजार वर येऊ शकतो. ज्याच्या घरात आई-वडील, मामा, आत्या यांपैकी कुणाला असा आजार झालेला आहे, त्याने तर हे लक्षात ठेवलेच पाहिजे.

इथे एक अगदी व्यवहाराची गोष्ट सांगायची आहे, आणि ती वाचून कुणी पुस्तक मिटले तरी चालेल. उन्मादाच्या आजारावर लिथियमच्या गोळ्या देतात. अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की लिथियमचे रक्तातले प्रमाण वाढते आणि ते विषासारखे काम करते. कोजागिरीसाठी सोलापूरहून तुळजापूरला जवळजवळ पंचेचाळीस किलोमीटर चालत येणाऱ्यांची गर्दी आपण दर वर्षी पाहतो. निर्जळी किंवा अळणी उपास करून, घाम गाळत चालणाऱ्या त्या गर्दीत या गोळ्या घेणारे कुणी असेल, तर हात थरथरणे, उलट्या, चालताना झोकांड्या जाणे या खुणा त्याच्या सोबत्यांना माहीत हव्यात. देवीच्या ओढीने निघालेल्या माणसाला अडवू नये. त्याने डॉक्टरांना आधी विचारावे, पाणी-मीठ घ्यावे. आणि शिबिरात शुद्ध व्हायचे म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. कुणा गुरूने तसे सांगितले, तर त्या गुरूचे ऐकू नये.

तयारी नसताना काय घडते, याची आपल्या देशातली सर्वांत प्रामाणिक नोंद गोपीकृष्ण यांनी करून ठेवली आहे. काश्मीरचे हे गृहस्थ सरकारी कारकून होते, घरी बायको-मुले. सतरा वर्षे ते पहाटे ध्यानाला बसत. १९३७ च्या डिसेंबरात जम्मूला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, एका पहाटे त्यांना कण्यातून प्रकाशाचा लोंढा मेंदूत शिरल्यासारखा वाटला. त्या आनंदानंतर जे आले ते भयंकर होते. झोप गेली, अन्न नकोसे झाले, अंगाची आग होऊ लागली, बायको-मुलांविषयीचे प्रेम आटून गेल्यासारखे झाले. आपण वेडाच्या किंवा मरणाच्या काठावर आहोत असे त्यांना वाटू लागले. त्यांना गुरू नव्हता, आणि ज्यांना विचारले त्यांच्यापैकी कुणाला उत्तर देता आले नाही. बायको वेळच्या वेळी भरवत राहिली, त्यावर ते तगले. पूर्ण सावरायला वर्षे गेली, आणि पुस्तक १९६७ साली आले. त्यांच्या सिद्धांतांशी सहमत व्हायलाच हवे असे नाही, मीही पुष्कळ ठिकाणी होत नाही. पण एका साध्या नोकरदार माणसाने आपली भीती लपवली नाही, याचे ऋण मोठे आहे. आणि त्या बायकोचेही. अशा प्रत्येक कहाणीत ताट घेऊन उभे असणारे कुणीतरी असते, पण तिच्यावर वेगळे पुस्तक कुणी लिहीत नाही.

मराठी मुलखात अशी उदाहरणे आणखी आहेत. बहिणाबाई (१६२८ ते १७००) मूळ वेरूळजवळच्या देवगावच्या. कोल्हापुरात असताना लाडके वासरू गेले, तेव्हा त्या दिवसेंदिवस निपचित पडून राहिल्या, तुकोबांचे दर्शन झाले, आणि नवऱ्याने त्यांना मारले. हे त्यांनी स्वतःच्या अभंगांत मांडले आहे. अनुभव आणि घरचा छळ, दोन्ही एकाच आत्मचरित्रात, तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी. पुण्यात १९१३ साली डेक्कन कॉलेजचा मेरवान इराणी हा विद्यार्थी बाबाजान या वृद्ध अवलियेच्या सहवासात आला. त्यांनी कपाळाचे चुंबन घेतल्यानंतर कित्येक महिने तो भानावर नव्हता. आईने जिवाचे रान केले, औषधांचा उपयोग झाला नाही. पुढे साकोरीच्या उपासनी महाराजांच्या सहवासात तो कित्येक वर्षांनी व्यवहारात परतला आणि मेहेरबाबा म्हणून जगाला माहीत झाला. या मेहेरबाबांनी नगर भागात राहून देशभरच्या ‘मस्तां’चा, म्हणजे ईश्वराच्या ओढीत देहभान हरपलेल्यांचा, शोध घेतला आणि १९३६ च्या सुमारास राहुरीला वेड्यांसाठी आश्रमही चालवला. विल्यम डॉन्किन या इंग्रज डॉक्टरने १९४८ साली त्यावर ग्रंथ लिहिला, त्यात ईश्वराने झपाटलेला माणूस आणि मनाने आजारी माणूस वेगळा असतो हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. ती रेघ आखणे किती कठीण असते, हेही त्या ग्रंथाच्या पानापानांतून कळते. माझे मत असे, की दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. खरा अनुभव आलेल्याला टायफॉइड होऊ शकतो, तसा उन्मादही होऊ शकतो. औषध घेतल्याने त्याचा विठ्ठल खोटा पडत नाही.

डॉक्टरमंडळीही हळूहळू इथवर आली आहेत. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संहितेत १९९४ साली ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ असे एक कलम आले. ते आजारांच्या यादीत मोडत नाही, पण मदतीचा विषय म्हणून मान्य झाले. ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाश्चात्त्य देशांतले साठ बौद्ध ध्यानसाधक होते. भीती, निद्रानाश, अनावर हालचाली, स्वत्व हरपल्याची भावना हे सगळे त्यांनी सांगितले. त्यांत अनेक जण स्वतः शिक्षक होते आणि काहींना पूर्वी कोणताही मानसिक त्रास नव्हता. म्हणजे धोका फक्त दुबळ्यांना असतो ही समजूतही टिकत नाही.

मग तयारी म्हणजे काय? समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची लक्षणे सांगितली, शिष्याचीही सांगितली, आणि बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध अशा पायऱ्या लावल्या. पायऱ्या लावल्या याचाच अर्थ उडी मारू नका. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन इतके देखणे आहे की वाचणाऱ्याला ती आजच जागी करावीशी वाटते. पण बाराव्या अध्यायात अव्यक्ताच्या वाटेवरचे कष्ट माउलींनीच सांगितले, ते वाचायला फार थोडे थांबतात. वारकऱ्यांनी तर तयारीची वेगळी शिकवणी ठेवलीच नाही, तिची गरज पडू नये अशी रचनाच केली. सावता माळ्याने मळा सोडला नाही, नरहरी सोनाराने दुकान सोडले नाही, नाम एकट्याने घ्यायचे तसेच टाळ वाजवत दहा जणांतही घ्यायचे. रोजचे काम, रोजचे जेवण, ओळखीची माणसे. गोरोबांच्या गोष्टीतही पुढे हात तुटलेल्या भक्ताच्या घरी विठ्ठल राबायला येतो. तो समाधी शिकवत नाही, मडकी घडवतो.

इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात १९७६ पासून दहा दिवसांची शिबिरे चालतात. पहाटे चारला उठणे, पूर्ण मौन, दिवसभर बैठक, हे साधे काम नव्हे, आणि म्हणून अर्जातच मानसिक आजाराविषयी, औषधांविषयी विचारतात. खरी माहिती भरणे हे साधकाचे पहिले व्रत आहे. प्रवेश मिळणार नाही या भीतीने गोळ्या लपवणारा आपलेच नुकसान करतो. जिथे असे काही विचारतच नाहीत, तीन दिवसांत कुंडलिनी जागी करून देतो म्हणतात, शंका विचारली तर श्रद्धा कमी पडते म्हणतात, सोडून गेलास तर शाप लागेल म्हणतात, तिथून उठून यावे. जादूटोण्याविरुद्धच्या २०१३ च्या राज्य कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा गुन्हा आहे, हेही गावातल्या शहाण्या माणसांनी माहीत करून घ्यावे.

आणखी एक गोष्ट, जी या जिल्ह्यात टाळून चालणार नाही. तीव्र साधनेकडे माणसे बहुतेक वेळा दुःखातून येतात. तुकोबा १६३० च्या दुष्काळानंतर भंडाऱ्याच्या डोंगरावर गेले. बायको आणि मुलगा गेले होते, व्यापार बुडाला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात उमरगा-लोहारा भागातल्या घरांनी ढिगाऱ्याखालून आपली माणसे काढली. त्यानंतरच्या तीस वर्षांत नापिकी, कर्ज आणि आत्महत्या यांनी कित्येक घरे रिकामी केली. भजनी मंडळांनी अशा घरांना दिलेला आधार मी कधीही कमी लेखणार नाही. पुष्कळ ठिकाणी तेवढाच आधार होता. पण ज्याचे दुःख कुणी ऐकलेच नाही, त्याला एकदम दहा दिवसांच्या मौनात बसवले तर ते दुःखच त्याच्याशी बोलायला येते. त्याने आधी कुणापाशी तरी रडून घ्यावे. हीसुद्धा तयारीच आहे.

पुढच्या प्रकरणांत साधकाने बसण्याआधी स्वतःला आणि घरच्यांना विचारायचे प्रश्न आहेत, अनुभव अनावर झाल्यास साधना कशी उतरवत आणायची ते आहे, जड जेवण, अंगमेहनत, मातीतले काम, झोप यांच्याविषयी विस्ताराने आहे. साधना थांबवणे म्हणजे पाप असे मानणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. डॉक्टरांसाठीही एक आहे, कारण ‘विठ्ठल दिसला’ असे सांगणाऱ्या रुग्णाला पहिल्या वाक्यातच भ्रम झाला म्हणणारा डॉक्टर त्याला कायमचा गमावतो.

कीर्तनकारांना माझी हात जोडून विनंती आहे. गोरोबांचे आख्यान लावाल तेव्हा संतीला पुरता वेळ द्या. तिचे बोल श्रोत्यांना ऐकू द्या. आणि आख्यान संपल्यावर, बुक्का लावण्याआधी, एवढे सांगा : घरातला कुणी सलग तीन रात्री झोपला नसेल, जेवणखाण सोडून बसला असेल, आवाज आज्ञा देतात म्हणत असेल, स्वतःला किंवा लेकरांना इजा होईल असे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका आणि सकाळची वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. तेही लगेच जमत नसेल, तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते, आणि मराठीत बोलता येते.